कोहळ्यावरून पडलेल्या इसमाची कायदेशीर स्थिती

कायद्याच्या दृष्टीने माणूस दोनच ठिकाणी पडू शकतो: कारखान्याच्या फाटकाच्या आत किंवा बाहेर. आत पडला तर तो कामगार. त्याला नुकसानभरपाई मिळते आणि चूक कोणाची हे कोणी विचारत नाही. बाहेर पडला तर तो नागरिक. त्याने दिवाणी दावा लावायचा आणि चूक कोणाची हे सिद्ध होईपर्यंत दुसरं काही विचारायचं नाही. दोन्ही एकदम मागता येत नाहीत. एका दाराने गेलं की दुसरं बंद होतं. (दोन्ही आधीच बंद असतील तर काय, याबद्दल कायदा मौन पाळतो. थोरामोठ्यांनी असंच वागावं.)

या निर्दोष व्यवस्थेत आजवर एकच त्रुटी आढळली आहे. तिचं नाव राणोजी.

राणोजी चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात लेथ चालवायचा. घराणं तंजावरी मराठी, बिऱ्हाड तांबरमला. पगार कमी होता तोवर त्याला सरकारी विमा होता. दोन वर्षांपूर्वी कंपनीने पगारवाढ देऊन त्याला विम्याच्या मर्यादेच्या जेमतेम वर नेलं आणि लाडू वाटले.

आयुधपूजेच्या दिवशी कंपनीच्या सुरक्षा समितीने, अपघात टळावेत म्हणून, फाटकात कोहळा फोडला. कोहळा उत्तम होता, आत कुंकू भरलेला. समितीच्या वार्षिक खर्चातली ती सर्वात मोठी बाब. (त्याखालोखाल उदबत्ती.) निम्मा कोहळा आत उडाला, निम्मा बाहेर. दुपारच्या पाळीला आलेल्या राणोजीचा पाय आतल्या फोडीवर पडला आणि खुद्द राणोजी मागे, बाहेरच्या रस्त्यावर. मनगट मोडलं.

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी तात्पुरतं प्लास्टर घालून सांगितलं, "दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालं तर हा हात पुन्हा लेथ चालवेल. नंतर हाड जसं जुळेल तसं जुळेल." मंगळवारची तारीखसुद्धा दिली. डॉक्टर वयाने लहान होते, प्रकरणाची गुंतागुंत त्यांच्या ध्यानात आली नाही.

कंपनीचे मनुष्यबळ अधिकारी सुधींद्र मात्र अनुभवी. ते टेप घेऊन फाटकावर आले.

"राणोजीराव, तुम्ही आपले तंजावरचे, म्हणून आपुलकीनं विचारतो. पडलात ते नेमकं कुठं?"

"हितंच, सार. पाय आत, मी बाहेर."

"अय्यो, असं कसं चालेल? काहीतरी एक ठरवा की."

"पडताना सुचलं नाही, सार."

सुधींद्रांनी मोजमाप केलं. घसरणं आत झालं, मोडणं बाहेर. मोडणं हीच इजा, सबब नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न होता तो सुट्टीचा. फाटकावर एक फलक होता: "अपघातविरहित दिवस: ९८६". हजाराव्या दिवशी प्रत्येकाला तीन पुडांचा स्टीलचा डबा मिळणार होता. राणोजी रजेवर गेला असता तर अपघात झाला असं दिसलं असतं. म्हणून त्याला दुसऱ्याच दिवसापासून फाटकाशी खुर्ची टाकून हलकं काम देण्यात आलं. फलकावरचा आकडा रोज एकने वाढवायचा. धडधाकट हाताने.

सहकाऱ्यांनीही माणुसकी सोडली नाही. शेजारच्या लेथवरचा प्राणेश म्हणाला, "अण्णा, मंगळवार तेवढा नको. माझ्या पोरीला डब्याबद्दल सांगून बसलोय. डबे वाटले की त्याच संध्याकाळी मी स्वतः तुम्हाला स्कूटरवरून नेतो. सत्यमा!"

राणोजीची बायको भवानी हिचा डब्यावर विश्वास नव्हता. तिने नवऱ्याला जॉर्ज टाउनात, भांड्यांच्या एका ठोक दुकानावरच्या माडीवर, गिरीधर वकिलांकडे नेलं. वकील हरखले.

"कोहळा फोडला कोणी? कंपनीने. उचलला का? नाही. निष्काळजीपणा याहून रसाळ असूच शकत नाही!"

"मग मंगळवारी ऑपरेशन करून घेतो," राणोजी म्हणाला.

"वेड लागलंय? तो हात म्हणजे पुरावा आहे. पुरावा सरळ करतात होय?"

"पुराव्याला आंघोळ कोण घालतं, ठाऊक आहे का?" भवानी म्हणाली. "मी."

ही नुकसानीची आणखी एक बाजू, असं म्हणून वकिलांनी तेही लिहून घेतलं. मग त्यांनी समजावलं की नुकसानभरपाई मागायची म्हटली तरी कायद्याचं कोष्टक आहे, आणि त्यात तुटलेल्या अंगठ्याला तीस टक्के, करंगळीला सात. (मानवी शरीराचा इतका बारकाईने विचार आईसुद्धा करत नाही.) बऱ्या झालेल्या मनगटाला त्या कोष्टकात जागा नाही. थोडक्यात, बरं होणं हे कुठल्याही दाराने गेलं तरी नुकसानीचंच.

मंगळवार गेला.

दरम्यान चौकशी समितीने शास्त्रीय पद्धतीने दुसरा कोहळा फोडून त्यावरून सात अधिकारी चालवले. पडले: शून्य. (सातही जणांना कोहळा कुठे आहे ते आधी सांगितलं होतं, दोघांचे हात धरले होते.) निष्कर्ष: कोहळा निसरडा नसतो. वकिलांच्या नोटिशीला कंपनीने उत्तर दिलं की घसरणं आत झालं असल्याने दावा चालणार नाही, नुकसानभरपाई मागावी. नुकसानभरपाईच्या अर्जाला उत्तर आलं की मोडणं बाहेर झालं असल्याने ती देता येत नाही, दावा लावावा. दोन्ही उत्तरांवर एकाच तारखेला सुधींद्रांचीच सही होती. एका माणसाला दोन्ही बाजू इतक्या निःपक्षपातीपणे मांडता याव्यात, हे कौतुकास्पद आहे.

हजारावा दिवस उजाडला. डबे वाटले गेले, राणोजीलाही एक मिळाला. प्राणेशने शब्द पाळला आणि संध्याकाळी त्याला स्कूटरवरून इस्पितळात नेलं. तिथे कळलं की हाड आपल्या मनाने जुळायला लागलं आहे.

पुढे प्लास्टर निघालं. मनगट वळत नाही, मूठ मिटत नाही. गिरीधर वकिलांनी फोनवरून अभिनंदन केलं: अपंगत्व आता कायमचं झालं, प्रकरणात जीव आला. लेथ दुसऱ्याला देण्यात आला. फलकाचं काम यंत्राकडे गेलं. राणोजी सध्या घरी असतो.

प्रकरण चालू आहे. इथवर येईतो वाचकांनीही आपापलं मत बनवलं असेल: तो आत पडला किंवा बाहेर पडला. आम्ही ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली ते सगळे सुशिक्षित होते आणि या मुद्द्यावर तावातावाने भांडले. (बाहेरवाले थोडे जास्त निघाले.) हात कोणता मोडला, हे एकानेही विचारलं नाही. तुम्हीही नाही.

उजवा.