मृगातला पुंजका

उकंडराव समोरून येताना दिसले की आमच्या अमरावतीच्या पेठेतली माणसं आधी धोतराचा सोगा आवरून घेत. कारण रामराम घालता घालता उकंडराव तुमचा सोगा हातात घेणार, त्यातलं एक सूत चिमटीनं ओढून बघणार आणि चारचौघांत सांगणार, "आखूड धाग्याचं हाये, भाऊ. फसले तुमी." मग ते धोतर लग्नातलं असो की तेराव्याचं.

माणसाचा धंदाच तो. कापसाच्या बाजारात प्रत ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. गाडीतून चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन अंगठ्यांत धरून ओढायचा आणि खांद्यावरच्या काळ्या घोंगडीवर ठेवून बघायचा. काळ्यावर पांढऱ्याचं सोंग टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा तोंडातून प्रत गेली की गेली. कुणी घासाघीस करायला लागला तर अंगठा पुढे करून म्हणत, "अंगठा खोटं नाई बोलत." खुद्द व्याह्याच्या गाड्यांतला कापूस त्यांनी भर बाजारात भेसळीचा ठरवला होता. पुढची दोन वर्षं लेकीच्या सासरहून दिवाळीचं बोलावणं आलं नाही. पण अंगठा काही खोटं बोलला नाही.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई जुंपून तिकडचा कापूस अडला होता, आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडात ज्याच्या शेतात चार बोंडं तोही पाटलाच्या ऐटीत चालत होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसल्या. उकंडरावांनी मात्र स्वतःच्या हातातलं चांदीचं कडं काढून तेजाबात विरघळवलं. तेजाब माझ्याच दुकानातलं. मी औषधं-मसाल्याचा दुकानदार आणि त्यांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. तेव्हा या खुळात पहिल्यापासून माझाही हात आहे, हे कबूल करतो.

खूळ आलं ते एका फोटोवाल्यापायी. रेल्वेच्या मोजणीवाल्यांबरोबर हा गृहस्थ अकोल्याकडून आला, हिवतापानं आडवा झाला आणि महिनाभर उकंडरावांच्या ओसरीवर पडून राहिला. यमुनाकाकूंनी, म्हणजे उकंडरावांच्या बायकोनं, पेज पाजून त्याला उभा केला. जाताना तो आपलं फोटोचं जुनं खोकं आणि त्याची विद्या दोन्ही ठेवून गेला. त्या विद्येतली एक गोष्ट ऐकून उकंडराव दोन रात्री झोपले नाहीत. काचेवर जो चिकट रस ओतायचा, तो कापसाचा करतात! कापूस तेजाबात बुडवायचा, धुवायचा, वाळवायचा, मग एका उग्र वासाच्या दारूत विरघळवायचा. तो रस ओतलेली काच चांदीच्या पाण्यात बुडवून ओली असतानाच खोक्यात घालायची.

"म्हन्जे तसबीर कापसावरच उठते, भाऊ! मंग कापूस अव्वलच पायजे."

आता दुसरा कुणी असता तर त्यानं घरात पडलेला कापूस वापरला असता. यांनी आठवडाभर बाजार धुंडाळून लांब धाग्याची मूठभर रुई आणली. तेजाबातून काढून अंगणात वाळवली. आणि वाळल्यावर जन्माची खोड! चिलीम ओढता ओढता चिमूट उचलली आणि दोन अंगठ्यांत धरून ओढून बघायला गेले. फस्स! उजवी भुवई आणि अर्धी मिशी गेली. मी धावलो, तर हे जमिनीवर वाकून शोधतायत. "पाहा, राखबी नाई ठेवली! प्रत अव्वल हाये!"

दुसऱ्या कुणी या खोक्यानं पाटलांच्या तसबिरी काढून नाव कमावलं असतं. यांना काढायची होती आभाळाची. मृगाच्या पोटात बाण आहे ना, त्याच्या खाली तीन बारीक चांदण्या लोंबतात. त्यांतली मधली नीट पाहा, धुरकट दिसते. उकंडरावांच्या मते ती चांदणी नव्हेच. "पिंजेल कापसाचा पुंजका हाये तो. तो मले काचेवर पायजे."

अडचण अशी की तो पुंजका अतिशय फिका, काच ओली असेपर्यंतच काम देणार, आणि तेवढ्यात आभाळ पुढे सरकणार. उकंडरावांनी सरकी काढायची चरकी आणली, खोकं तिला बांधलं आणि दांडा हळूहळू फिरवून मृगाच्या मागं मागं जायची युक्ती काढली. दांडा एका चालीनं फिरावा म्हणून यमुनाकाकू जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या. एका ओवीला चाकाचा एक दात. मी लाल फडकं गुंडाळलेला कंदील धरून उभा. माघातली थंडी, दिवेलागण होऊन गेलेली, आणि शेजारीपाजारी विचारत, "एवढ्या उशिरा काय दळून रायले?"

काच धुतली की कोरी. दुसरीही कोरी. आठवडाभर हेच. बाटलीत शेवटच्या काचेपुरता रस उरला आणि मृग मावळतीकडे झुकायला लागला. त्या दिवशी काकूंनी चौदा ओव्या म्हटल्या, आवाज बसेपर्यंत. काच धुतली. बाणाचे तीन ठिपके आले. त्यांच्याखाली काही नाही.

मी चिडलो. चांदीच्या पाण्यानं हात काळे, पाय गारठलेले. काकू आत गेल्या तसा म्हणालो, "उकंडराव, मान वर करा ना! फुकट दिसते तो. काचेवर काहून पायजे?"

ते बराच वेळ काच पुसत राहिले. "मले दिसते, भाऊ. तिले नाई दिसत."

सांजेनंतर काकू भिंतीला हात लावून चालत. आम्हाला वाटे, गुडघे. अठरा वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो आणि मला ठाऊक नव्हतं की त्या लहानपणापासून रातांधळ्या आहेत. "तिनं जन्मात एक चांदनी पायली नाई. दिवसा तं सुई ओवते ना! काचेवर उतरलं असतं तं सकाऊन उन्हात दाखवलं असतं." मला माझ्या चिडण्याची फार लाज वाटली.

सकाळी त्यांच्या अंगणात डोकावलो. उन्हात ती काळी घोंगडी अंथरलेली. तिच्यावर ज्वारीचे दाणे मांडलेले: मृगाचे चार पाय, पोटातला बाण, खाली लोंबत्या चांदण्या. मधल्या जागी उकंडराव रुई ठेवत होते. ठेवली, अर्धी काढली. पुन्हा ओढून अर्धी काढली. शेवटी इतकी विरळ झाली की मलाच दिसेना.

"थोडी जास्त ठेवा न," मी म्हणालो. "काकूले बरं वाटन."

"आभायात हाये तेवढीच ठेवीन," ते खेकसले. "अंगठा खोटं नाई बोलत."

मग त्यांनी हाक मारली. काकू ओले हात पुसत आल्या आणि वाकल्या. श्वासानं उडेल म्हणून त्यांनी पदर तोंडावर धरला.

"एवढुसाकच?"

"एवढुसाकच."

काकू कितीतरी वेळ तशाच वाकून राहिल्या. चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला, तरी हलल्या नाहीत. मग पदराआडून म्हणाल्या, "याच्यासाठी माह्या ओव्या मोजत होते काय तुमी?"

 उकंडरावांनी काकूंच्या पदराचं टोक हातात घेतलं, त्यातलं एक सूत चिमटीत धरलं आणि तसेच बसून राहिले. प्रत काही सांगितली नाही.