शिवराईचा स्वच्छ फोटो

नाण्याचा फोटो काढण्यात कसलं आलंय कौशल्य, असं त्र्यंबकराव मोकाशी मानपाड्याच्या आपल्या सोसायटीत सगळ्यांना सांगून बसले होते.

ठाण्याची एक संस्था जुन्या नाण्यांचा ऑनलाइन लिलाव करायची. त्र्यंबकरावांकडे वडिलांनी जपलेली तांब्याची शिवराई होती, चांगली दोनशे वर्षांची. ती त्यांना विकायची नव्हतीच. किंमतच अशी लावली होती की कुणी शहाणा माणूस बोली लावणार नाही. त्यांना हवी होती फक्त लिलावाच्या यादीत नाण्याच्या फोटोखाली येणारी एक ओळ : 'कै. धोंडीबा मोकाशी यांच्या संग्रहातून'. वडील जन्मभर गोदामात हमाली करून गेले. रेशनकार्ड सोडलं तर त्यांचं नाव कुठे छापून आलं नव्हतं.

पहिला फोटो गॅलरीत काढला. त्यात नाण्यापेक्षा मोबाइलची सावलीच ठसठशीत आली. दुसऱ्यात ट्यूबलाइट चमकली. तिसरा त्यांनी दोन डब्यांवर मोबाइल आडवा ठेवून, श्वास रोखून काढला आणि पाठवून दिला.

लिलावाचं काम बघणाऱ्या दीप्तीचा फोन आला.

"काका, हे नाणं आहे की कोटाचं बटण?"

"शिवराई आहे, मॅडम."

"पूर्ण काळं दिसतंय. अक्षरं वाचता आली पाहिजेत. उद्या बारापर्यंत क्लिअर फोटो द्या, नाहीतर यादीतून काढावं लागेल."

झालं. दुपारपासून घरात एकच जप सुरू झाला. चहा पिताना, भाजी निवडताना, टीव्हीसमोर, "काळं दिसतंय गं, फार काळं दिसतंय." जेवायला बसले आणि घास तसाच ठेवून म्हणाले, "बाबांचं एवढं एक काम होत नाही माझ्याच्याने." डोळे भरून आले होते. त्यांच्या बायकोला, मंदाकिनीबाईंना, ते बघवेना.

सकाळी त्र्यंबकराव आंघोळ करून बाहेर आले, तर ओट्यावर ताम्हण, पळी, तांब्या आणि त्यांच्या शेजारी शिवराई, सगळं एका रांगेत लखलखत होतं.

"हे काय केलंस?"

"देवाची भांडी घासत होते, म्हटलं हेही घासून टाकू. चिंच-मीठ लावलं. बघा, श्री राजा शिव कसं वाचता येतंय."

"अगं, तो काळा थर म्हणजेच त्याची किंमत. दोनशे वर्षं लागली तो चढायला."

"मग काल काळं काळं करून माझं डोकं कुणी खाल्लं?"

त्र्यंबकरावांनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून गेले होते. निदान नाव तरी येईल, म्हणून त्यांनी घाईघाईत फोटो काढला. तो मेला नेमका सुंदर आला.

दीप्तीचा लगेच फोन. "काका, फोटो एक नंबर. इतका क्लिअर आजपर्यंत कुणी पाठवला नाही. पण नाणं घासलंय तेपण क्लिअर दिसतंय. लिलावात नाही घेता येणार."

"आणि बाबांचं नाव?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"फोटो आमच्या वेबसाइटवर टाकू का? माहितीच्या पानावर. खाली वडिलांचं नाव देऊ, तुम्ही लिहिलंय तसंच."

नाव म्हटल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलंच नाही. हो म्हणून मोकळे झाले.

संध्याकाळी दोघांनी मिळून ते पान उघडलं. मधोमध फोटो. फोटोखाली ठळक अक्षरांत 'कै. धोंडीबा मोकाशी यांच्या संग्रहातून'. आणि फोटोच्या वर, त्याहून ठळक अक्षरांत, मथळा : 'घासून वाया घालवलेलं नाणं कसं ओळखावं'.

त्र्यंबकरावांनी मथळा दोनदा वाचला. मग मंदाकिनीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

"मामंजींचं नाव मात्र अगदी स्वच्छ वाचता येतंय हो," त्या म्हणाल्या.