चार्जिंगाक माणूस लागता

आमच्या सोसायटीत तुम्ही इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावून घरी गेलात, की विश्रामकाका बटण बंद करतात. चोरून नाही हं, राजरोस. पार्किंगमध्ये चक्कर मारतात, गाडीजवळ माणूस दिसला नाही की बटण वर. सकाळी मी चाकणच्या शिफ्टला निघायचो आणि गाडी मोशीतच मान टाकायची. भांडायला जावं तर काका शांतपणे विचारणार, "चार्जिंग लावन झोपतंस? मगे सकाळचो अलार्म कित्याक लावतंस? उठतलंस याची खात्री आसा?"

कपाळ!

काका मालवणचे. तिकडे त्यांची छोटी बोट होती, पर्यटकांना डायव्हिंगला न्यायची. बोटीला आग लागली, बोट गेली, आणि काका रहाटणीत मुलीकडे राहायला आले. एवढंच आम्हाला माहीत. मुलगी सुजाता आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. समुद्र सुटला तरी काकांच्या लेखी आमची सोसायटी म्हणजे बोटच. पार्किंगला 'डेक' म्हणायचे, वॉचमनला 'खलाशी'. बोटीवर कॅमेऱ्याच्या, टॉर्चच्या बॅटऱ्या चार्ज करायचे सगळे नियम त्यांनी आम्हाला लावले. ओला हात नको, फुगलेली बॅटरी नको, अंथरुणाजवळ तर नकोच नको. आणि "चार्जिंगाक माणूस लागता" हे तर आमच्या पोराटोरांनाही पाठ झालं होतं.

तक्रारी वाढल्या, तशी मीटिंग लागली. काका स्वतःच उभे राहिले आणि बॅटरी पेटली की काय होतं ते सांगत सुटले. धूर कसा घशात बसतो, विझली म्हणावी तर परत कशी भडकते. सगळे गार. मला वाटलं, चला, आता तरी आमच्या लोकांना अक्कल येईल, खाली एखादा धड चार्जिंग पॉइंट होईल. कसलं काय! चेअरमन म्हणजे गावातले जुने जमीनवाले. ते म्हणाले, "ह्ये झेंगाटच नको. खाली चार्जिंग बंद. ज्यानी त्यानी आपली बॅटरी घरला न्यावी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, राव! दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बॅटऱ्या लिफ्टने वर. बहुतेकांनी मुख्य दाराशेजारी, चपलांच्या कपाटाला टेकवून लावल्या, कारण प्लग तिथेच. माझीही तिथेच. काका जिन्यात उभे राहून ही वरात बघत होते. इतका हरलेला माणूस मी बघितला नव्हता.

मग नवाच ताप सुरू झाला. काका घरोघरी बेल मारायला लागले. आतून "कोण आहे?" म्हणून ओरडावं, हातातलं काम टाकून दार उघडावं, तर बाहेर कोणी नाही, काका पुढच्या दाराशी पोचलेले. बायको वैतागली, शेजारी वैतागले. सुजाताच्या घरमालकापर्यंत गेलं. त्याने सांगून टाकलं, वडिलांना आवरा, नाहीतर जागा खाली करा.

मी काकांना जिन्यात गाठलं. "काका, पोरीचं घर जाईल हो! बेल कशाला मारता? आणि मारता तर थांबत का नाही?"

ते पायरीवर बसले. "केबिनीक दरवाजो एकच होतो रे. चार्जिंग थयच, दाराकडे. तीच बॅटरी पेटली. माझी बायल आत पडलली, तिका बरा नाय होता म्हणान. मी मागे इंजिनाकडे." मग म्हणाले, "ती ओरडूक नाय. ओरडली असती तर मी आत घुसलो असतंय. ह्या तिका ठावक होता."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकलो.

"तुमी आतसून 'कोण' म्हणतास ना, तेवढा आयकला की माका बरा वाटता."

मला रडू आलं. लपवत नाही. त्याच दिवशी बॅटरी दारापासून हलवली, बाल्कनीकडे नेली. कमिटीत जाऊन भांडलो, खाली पॉइंट करा म्हणालो. "ठराव झालाय, भाऊ," एवढंच उत्तर. घरोघरी सांगितलं, निदान दार तरी मोकळं ठेवा. सगळे हो हो म्हणाले, एकानेही हलवली नाही. घरमालकाच्या तर पाया पडायचाच बाकी राहिलो होतो. त्याला तोवर दुसरा भाडेकरू मिळाला होता. असली माणसं आम्ही. आमच्यापुढे डोकं फोडून उपयोग नाही.

सुजाताचं सामान खाली टेम्पोत चढत होतं, तेव्हा आमची बेल वाजली. बायको स्वयंपाकघरातूनच ओरडली, "कोण आहे?"

पहिल्यांदाच बाहेरून उत्तर आलं. "मी गो. येतंय हां."

मी धावत जाऊन दार उघडलं. काका शेजारच्या दाराशी पोचले होते. बेल मारत होते, दाराला कान लावत होते, परत मारत होते. आतून आवाज नाही. खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता आणि काका जागचे हलेनात.

"काका, ते दोघं कामावर गेलेत. घरात कोणी नाहीये."

"नक्की ना रे?"

"नक्की."

मग ते जिना उतरायला लागले.