पाचाचं शून्य

रमजानचा शेवटचा उपास सुटायला तासभर उरला होता, आणि कैरोतल्या हाज्जा इन्साफच्या मालिका-कंपनीत शेवटचा भाग ठेवायला जागाच उरली नव्हती. साठवणुकीची यंत्रं काठोकाठ भरली होती. नवी दोन आली होती, त्यातलं एक तरी आज जुन्यांच्या जाळ्यात जोडायचं होतं. ते काम वगदीचं. वगदी हाज्जाचा जावई.

"आज भाग दिसला नाही," हाज्जा म्हणाली, "तर नोकरी नाही, आणि इफ्तारला माझ्या घरी ताटही नाही."

वगदीने नव्या वायरीला आकड्याची चिठ्ठी बांधली. पण उपासाने डोकं ठणकत होतं, म्हणून लावायचं काम मोरोक्कोहून नव्याने आलेल्या इद्रीसवर सोपवलं. इद्रीसने चिठ्ठीवरचं वाटोळं पाहिलं, यंत्रांचं जाळं जोडणाऱ्या स्विचवरच्या छापील शून्याच्या भोकातली जुनी वायर उपटली आणि तिथे नवी खुपसली. जुनी वायर चॅनेलकडे जाणारी होती. समोरचे सगळे पडदे काळेठिक्कर पडले.

"लेका, पाच लिहिलं होतं ना मी?"

"उस्ताद, हे शून्य आहे."

"आमच्याकडे पाच असाच काढतात. शून्य म्हणजे टिंब."

"आमच्या फेस शहरात टिंबाला आकडा म्हणत नाहीत. माशी बसली असं म्हणतात."

वगदीने कपाळाला हात लावला आणि दोन्ही वायरी काढल्या. "जुनीवर तू चिठ्ठी लाव. आता मीच जोडतो."

इद्रीसने इमानदारीत आपलं शून्य काढलं. वगदीने चिठ्ठी वाचली आणि जन्माच्या सवयीने वायर पाचात घातली. पडदे काळेच.

वैतागून इद्रीसने पाची बोटं त्याच्या तोंडासमोर पसरली. "हे तरी दोन्हीकडे पाचच ना?"

"माझी नजर लागेल म्हणून पंजा दाखवतोस?" वगदी चिडला, आणि मग एकदम हसत सुटला. त्याने नव्या वायरीच्या चिठ्ठीवर पंजा काढला, पाचाच्या भोकाशेजारी पंजा काढला. वायरी बसल्या, पडदे उजळले, भाग नव्या यंत्रात शिरला, आणि बाहेर अजान झाली.

हाज्जा खजूर घेऊन आली. पंजा पाहून तिचे डोळे पाणावले. "तरी मी म्हणत होते, नजर लागली होती. शहाणा जावई माझा."

शहाण्या जावयाने खजूर तोंडात टाकला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

ईदनंतर दुसरं यंत्र जोडायला दोघे आले, तर हाज्जाने प्रत्येक भोकावर, बरोबर आकडा झाकेल असा, एकेक निळा पंजा चिकटवून घेतला होता.

"इद्रीस," वगदी हळूच म्हणाला, "पाच कुठलं रे?"

इद्रीसने स्विचवरून नजर फिरवली.

"उस्ताद, आता सगळीच."