अहिरराव सरांचं दोष-रजिस्टर

अहिरराव सरांच्या घरी मिक्सर बंद पडला, तरी आधी रजिस्टर निघतं. लाल कापडी पाठीचं, लांबलचक. त्यात तीन रकाने : दोष, कारण, उपाय. तिन्ही भरल्याशिवाय चटणी होत नाही.

सर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गाला शिकवत. मूळचे सटाण्याकडचे. इंदिरानगरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये येऊन त्यांना वीस वर्षं झाली, पण चिडले की अजून अहिराणी बाहेर येते. "यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की लिफ्ट अडकली तरी मलाच अपराधी वाटतं.

गणपतीला त्यांचा मुलगा पुण्याहून आला आणि सांगून गेला, "पप्पा, दसऱ्याला नवा कॉम्प्युटर आणतो. हा डबा भंगारात देऊ." डबा खरोखरच म्हातारा होता. पेन्शनची स्लिपसुद्धा त्यावर उघडेना. पण जॉगिंग ट्रॅकवर कुणीतरी सरांना सांगितलं, की आतली सिस्टीम काढून लिनक्स टाकलं तर जुनी मशीन पुन्हा धावते. मी माझ्या घरी ते एकदा टाकलं होतं आणि लिफ्टमध्ये त्याची फुशारकीही मारली होती. फुशारकी मारायला मला दुसरी लिफ्ट मिळाली नाही.

"पगारेसाहेब, दसऱ्याला पाच रविवार आहेत," सर म्हणाले. "त्याआधी ही कामाला लागली पाहिजे. मग कोण भंगारात देतो बघू."

पहिल्या रविवारी ऐंशी टक्क्यांपर्यंत सगळं सुरळीत गेलं. मग पडदा काळा. सरांनी रजिस्टरात लिहिलं : 'ऐंशीवर थांबते.'

मी म्हटलं, पेन ड्राइव्ह बदलू, रॅम साफ करू, केबलही बदलून टाकू.

"एका वेळी एकच बदल," सर म्हणाले. "तिन्ही केलं आणि चाललं, तर कशानं चाललं ते कळणार कसं?"

म्हणून त्या दिवशी फक्त पेन ड्राइव्ह बदलला. पुढच्या रविवारी सरांनी रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या. स्क्रू वर्तमानपत्रावर मांडले, प्रत्येकाभोवती पेनानं गोल करून आकडा घातला. तिसऱ्या रविवारी केबल. दर वेळी ऐंशी टक्के, आणि मग काळोख.

"हाई काय शे?" सर पडद्याला विचारत. पडदा उत्तर देत नसे. उत्तर माझ्याकडून अपेक्षित असे.

माउसला हात लावायची मला परवानगी नव्हती. "हात माझा, डोळे तुमचे," असा करार होता. आणि डोळ्यांनाही अधूनमधून रजा मिळे. "पगारेसाहेब, जरा आतून पाणी आणता?" सरांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून ते एकटेच. त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकघरात मी न कुरकुरता जायचो. कुरकुर मी घरी येऊन करायचो. बायको म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून तो डबा दसऱ्यापर्यंत मारणार."

चौथ्या रविवारी मी पाणी आणायला गेलो, तर फिल्टर रिकामा. रिकाम्या हातानं लगेच परतलो. पडद्यावर प्रश्न होता : सगळी डिस्क पुसायची, की जुन्या सिस्टीमशेजारी जागा करायची? सरांनी 'शेजारी' निवडलं आणि लिनक्सला कोपऱ्यातली एवढीशी जागा दिली. ती ऐंशी टक्क्यांवर भरणारच होती.

मी रजिस्टर ओढलं. चारही रविवारी, त्या सुबक अक्षरात लिहिलेलं : 'डिस्क पूर्ण पुसली.' आजची नोंद तर आधीच करून ठेवलेली.

"सर, हे काय?"

त्यांनी रजिस्टर मिटलं.

"मी चार रविवार पेन ड्राइव्ह, रॅम, केबल करत बसलोय. फोटो असतील तर पेन ड्राइव्हवर घेऊ, मग पुसू."

"फोटो पोराकडे आहेत." ते माउस धरून बसले होते. "पुसायचं नाही. एवढंच."

मी चिडून घरी गेलो. पण माझ्या कपाटात एक जुनी डिस्क पडून होती. पाचव्या रविवारी ती घेऊन गेलो. त्यांची डिस्क तशीच ठेवली, माझी शेजारी जोडली, लिनक्स तिच्यावर टाकलं. ऐंशी, नव्वद, शंभर. पेन्शनची स्लिप उघडली. सरांनी ती दोनदा वाचली.

"आता जुनं शाबूत आहे ना, बघू."

जुनी सिस्टीम सुरू झाली. सरांनी पत्त्यांचा खेळ उघडला. दोन वर्षांपूर्वीचा अर्धा डाव पुढे चालू ठेवायचा का, असं मशीननं विचारलं. त्यांनी 'हो' दाबलं. पत्ते पसरले. पेन ड्राइव्हवर कसा नेणार होतो मी तो डाव?

मला समोरच दिसलं : बदाम दश्शीवर इस्पिक नव्वी बसत होती. सवयीनं माझा हात माउसकडे गेला. सरांनी त्यावर आपला हात ठेवला.

"राहू द्या," ते म्हणाले. "खेळी तिची आहे."

थोडा वेळ बघून त्यांनी डाव जसाच्या तसा बंद केला. मग चष्मा लावला, रजिस्टर पुढे ओढलं, चारही रविवारच्या नोंदी पट्टी लावून खोडल्या आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं : माणूस.