तोंड बंद, सफारी चालू

जगात कुणी आखली नसेल इतकी शिस्तशीर सफारी मी आखली होती! हा गर्व नव्हे. प्राणिशास्त्र शिकलेल्या माणसाला मोजूनमापून बोलायची सवय असते. तर मोजूनमापून सांगते: माझ्या सफारीत चूक होण्याची शक्यता शून्य होती.

आमची सफारी गावच चालवतं. गाडी माझे धाकटे दीर चालवतात, वाट माझी जाऊ दाखवते, पाहुणे गावातल्या घरांत उतरतात. त्याच मिळकतीतून शाळेवर छप्पर आलं, आणि पूर्वी जंगल तोडणारे आता त्याची राखण करतात. पण परवाना संपत आला होता, आणि त्यावर शहरातल्या एका मोठ्या हॉटेलाचा डोळा होता. त्यांची सफारी आम्ही पाहिली होती: एक अस्वल पुढे, सात गाड्या मागे! परवाना कुणाला द्यायचा, ते वनखात्याचे साहेब आमच्या गाडीतून एक फेरी मारून ठरवणार होते.

"प्राण्यांना माणसाच्या आवाजाचा त्रास होतो," मी घरात जाहीर केलं. "तेव्हा गाडीत एक शब्द नाही. फक्त खुणा!"

"ताई, हे माझं शब्दांनी ऐकत नाहीत," जाऊ म्हणाली, "खुणांनी काय ऐकणार?"

"भाऊजी ऐकतील."

भाऊजींनी ऐकलं. घात तिथेच झाला!

खुणा सोप्या होत्या. डोक्यावर हात म्हणजे प्राणी दिसला, गाडी बंद. मांडीवर थाप म्हणजे डावीकडे. तोंडासमोर पंजा हलवला की मागे. पाहुण्यांनाही खुणा शिकवायच्या, आणि कुणीही खूण केली की भाऊजींनी आरशात बघून ती बिनबोभाट पाळायची. साहेबांनी सगळं ऐकून मान डोलावली. आम्ही निघालो.

जंगलात शिरलो तोच एक गोमाशी साहेबांच्या नाकावर बसली.

साहेबांनी पंजा हलवला. गाडी मागे गेली.

गोमाशी मांडीवर बसली. साहेबांनी थाप मारली. गाडी रस्ता सोडून डावीकडे झुडपात घुसली.

गोमाशी पुन्हा नाकावर! पुन्हा पंजा! पुन्हा मागे!

मला सगळं कळत होतं. पण बोलायचं कसं? माझाच नियम, तोही साहेबांसमोर, मीच मोडू? आणि "ही खूण म्हणजे खूण नव्हे" याची खूण मी ठरवलीच नव्हती. शेवटी न राहवून मी दोन्ही पंजे जोरजोरात हलवले: नको, नको, नको!

भाऊजींनी आरशात पाहिलं. वहिनी दोन्ही हातांनी मागे जायला सांगतेय, म्हणजे केवढं संकट! त्यांनी गाडी मागच्या मागे अशी पिटाळली, की जावेनं कपाळावर हात मारून घेतला.

डोक्यावर हात! भाऊजींनी गाडी जागच्या जागी बंद केली. चिखलाच्या खड्ड्याच्या बरोबर मधोमध!

आजोबांनी आरामखुर्चीत बसावं तशी गाडी सावकाश खाली बसली. कुणी ब्र काढला नाही.

हा खड्डा कुणाचा ते मला ठाऊक होतं. मालकीण आलीच! एक दणकट रानडुकरीण, मागे पट्टेरी पिलांची रांग. त्यांची आंघोळीची वेळ, आणि न्हाणीघरात आम्ही! प्राण्यांपासून तीस मीटर दूर राहावं, असा फलक मीच रंगवला होता. इथे मला डुकरिणीच्या पापण्या दिसत होत्या.

एका पिलानं आमच्या चाकाला पाठ घासली. गोमाशी साहेबांच्या नाकावर परतली. साहेब लाल झाले, जांभळे झाले, पण हलले नाहीत. न बोलावता जेवायला बसलेल्या पाहुण्यांकडे बघावं तशी डुकरीण आमच्याकडे बघत राहिली. मग फुरफुरली आणि पिलांना घेऊन दुसऱ्या डबक्याकडे निघून गेली.

"आता नाक खाजवू का?" साहेबांनी कुजबुजत विचारलं. "गाडी कुठे जाणार नाही ना?"

"गाडी आता कुठेच जाणार नाही, साहेब," भाऊजी म्हणाले.

चालत परत आलो. गावाच्या कचेरीत साहेब खुर्चीवर बसले, गुडघ्यापर्यंत चिखल, टोमॅटोसारखं नाक. गेला परवाना! आता त्या अस्वलामागे सात गाड्या पळणार, आणि आमची माणसं कुऱ्हाडींना धार लावणार. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"थांबा," साहेब म्हणाले. "मी पुष्कळ सफाऱ्या केल्यात. प्राणी दिसला की गाडीतले सगळे किंचाळतात. इथे गाडी बुडाली तरी कुणी किंचाळलं नाही! पिलू चाकाला पाठ घासून गेलं! परवाना तुमच्या गावालाच."

जावेनं भाऊजींच्या पाठीत आनंदानं गुद्दा घातला.

"फक्त एक अट," साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या बाईंनी गाडीत बसायचं नाही."

"हे शास्त्रीय नाही!" मी उसळले. "एका फेरीवरून निष्कर्ष कसा काढता येईल? निदान आणखी एक फेरी तरी घ्यायला..."

"साहेब, शिक्का!" जाऊ ओरडली. "आधी शिक्का मारा!"

साहेबांनी मारला. दोनदा.