पाचोळा गाळणारा हेडफोन

एका जंगलात, म्हणजे ज्याच्यावर अजून कुठल्याही बिल्डरची नजर गेलेली नाही अशा एका जंगलात, करवंदीच्या जाळीखाली एक ससा राहत होता. त्याचं नाव टवकारराव. हसू नका. तुमची नावं काय फार शहाणी आहेत असं नाही.

टवकाररावांचे कान लांब होते. सगळ्याच सशांचे असतात, पण यांचे अंमळ जास्तच. ओढ्यापलीकडं मुंगीनं कूस बदलली तरी त्यांना इकडं कळायचं. त्यांच्या बायकोचं नाव कापशी. ती दिसायला पिंजलेल्या कापसासारखी होती आणि बोलायला मात्र चांगली खणखणीत.

आता मुलांनो, सशांच्यात एक रीत असते, ती नीट ऐका. मागचे, तुम्हीसुद्धा. संध्याकाळी चरायला जायचं ते जोडीनं. एकानं खायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. का? तर गवत चावताना आपल्याच दातांचा आवाज डोक्यात एवढा भरतो, की मागं कोण येऊन उभं राहिलं त्याचा पत्ता लागत नाही. खोटं वाटत असेल तर घरी जाऊन पापड खा आणि आई काय सांगते ते ऐकून दाखवा.

एकाचं पोट भरलं की पाळी बदलायची. खाणाऱ्याचा जीव ऐकणाऱ्याच्या कानात. सशांच्या लग्नात भटजी नसतो आणि अक्षताही नसतात. नवरा म्हणतो, "तू खा, मी ऐकतो." बायको म्हणते, "तुम्ही खा, मी ऐकते." झालं लग्न. कापशी आणि टवकाररावांचंही असंच झालं होतं, आणि इतकी वर्षं दोघं जिवंत होती, म्हणजे संसार बरा चालला होता.

पण त्या वर्षी जंगलात हेडफोनची साथ आली.

त्याचं झालं असं, की माकडांनी एक मंडळ काढलं आणि मंडळानं स्पीकर आणले. मग लांडग्यांनी माकडांच्या वरताण स्पीकर आणले. सकाळ नाही, दुपार नाही, नुसता धुडगूस. तेव्हा हा गोंगाट ऐकू येऊ नये म्हणून जो तो कानाला काहीतरी लावून दुसरा गोंगाट ऐकू लागला. बघता बघता अशी पाळी आली, की मोकळ्या कानांचा प्राणी चारचौघांत अडाणी दिसायला लागला.

पाणवठ्यावर एका सांबरानं टवकाररावांना हटकलंच.

"काय हो, एवढे मोठाले कान, आणि नागडेच फिरवता?"

सगळा पाणवठा फिदीफिदी हसला. टवकारराव पाणी न पिताच घरी आले.

"अगं, आपणही एक हेडफोन घेऊ," ते कापशीला म्हणाले.

"कानावर झाकणच घालायचं होतं, तर देवानं कान दिले कशाला?"

"तुला नाही कळायचं. त्यात बेस असतो."

"बेस म्हणजे?"

टवकाररावांना ठाऊक नव्हतं. "असतो," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर नुसत्या हसण्याचं दुःख नव्हतं. टवकारराव थकले होते. वाळका पाचोळा कुठं सळसळला, की ते ताडकन उठून बसायचे. बहुतेक वेळा तो वारा असायचा, नाहीतर सरडा. पण एखाद्या वेळी कोल्हा असायचा. त्यामुळं प्रत्येक पानाला दचकावं लागायचं. जन्माला आल्यापासून ते एकदाही गाढ झोपले नव्हते. पाचोळा ऐकू येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. बिचारे.

तरी टवकारराव उतावळे नव्हते हं. त्यांनी चौकशी केली. पहिल्यांदा हत्तीला विचारलं.

"बेस बघ," हत्ती म्हणाला. "पोटात दणका बसला पाहिजे." त्यानं आपला हेडफोन टवकाररावांवर ठेवला. टवकाररावांची आतडी सकाळपर्यंत जागेवर आली नाहीत.

वटवाघूळ म्हणालं, "छे छे, आवाज बारीक पाहिजे. इतका बारीक, की दुसऱ्या कुणाला ऐकूच येता कामा नये." टवकाररावांनी त्याचा हेडफोन लावला. काहीसुद्धा ऐकू येईना. "वा," ते म्हणाले, "किती स्पष्ट!" असं म्हणावं लागतं.

शेवटी ते नागोबांकडं गेले. नागोबा त्या जंगलातले सर्वांत मोठे हेडफोन-समीक्षक. तुम्ही म्हणाल, सापाला कुठं कान असतात? अगदी बरोबर. म्हणूनच तर त्यांच्या शब्दाला वजन होतं. ज्याला कान असतात त्याला काहीतरी आवडतं, काहीतरी नावडतं. नागोबा निःपक्षपाती होते.

"महाग घ्या," नागोबा म्हणाले.

"महागाचा आवाज कसा असतो हो?"

"तो ऐकायचा नसतो. उमजायचा असतो. कोल्हेशेठकडं जा, आणि माझं नाव सांगा." कोल्हेशेठ नागोबांना अधूनमधून एखादा जाडसर उंदीर पाठवत. पण तो स्नेहाचा भाग झाला.

आता तुमच्यातलं कुणीतरी हात वर करणार, मला माहीत आहे. ससा कोल्ह्याच्या दुकानात गेलाच कसा? अरे बाळांनो, दुकानात सेल लागला होता.

दुकानाचं नाव होतं 'कोल्हे कर्णसुख केंद्र'. टवकारराव दारातच घुटमळले. तोच आतून आवाज आला, "या रावसाहेब, या! बाहेर का उभे? इथं गिऱ्हाईक म्हणजे देव. बघून जा नुसतं, बघायला काही पडत नाही."

कोल्हेशेठनी त्यांना गादीवर बसवलं, पाणी दिलं आणि टेप घेऊन माप घ्यायला सुरुवात केली. आधी कानांचं घेतलं. मग पाठीचं. मग मांडीचं.

"मांडीचं कशाला?"

"सवय हो," कोल्हेशेठ म्हणाले आणि टेप गुंडाळून ठेवला. "आता बोला. कुणी बेस सांगेल, कुणी आणखी काही. ते सगळं सोडा. हेडफोन दोनच कामं करतो. नको ते गाळतो आणि हवं ते ऐकवतो. तुम्हाला काय नको?"

"पाचोळा," टवकारराव एका दमात म्हणाले.

कोल्हेशेठनी एकवार आपल्या पायांकडं पाहिलं. "पाचोळा ना? गाळून टाकू. एक पान वाजलं तर नाव बदलून ठेवा माझं. आणि हवं काय?"

काय नको ते टवकाररावांना जन्मभर ठाऊक होतं. काय हवं, असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, बराच विचार केला, आणि एकदम लाजले.

"हसू नका शेठ. आमची ही गवत चावते ना, करम करम करम, तो आवाज. तो कानावर पडत असला की वाटतं, सगळं ठीक आहे."

"अहाहा!" कोल्हेशेठ म्हणाले. "बाईंना गवत कुठलं आवडतं? कोवळं?"

"ओढ्याकाठचं, कोवळं."

"आणि आधी पाळी कुणाची असते?"

"तिचीच. ती खाते, मी ऐकतो."

"काय प्रेम आहे, काय प्रेम आहे!" कोल्हेशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडातही आलं. ते रुमालानं दोन्ही टिपून म्हणाले, "तर मग घरी जा आणि बाईंचा आवाज या डबीत भरून आणा. खास तुमच्या आवडीचा हेडफोन करून देतो. राहता राहिली ऐपत."

टवकारराव ओशाळले. "आमच्याकडं काय असणार? करवंदीची जाळी, पसाभर शेंगा आणि आमची ही."

कोल्हेशेठनी मनातल्या मनात हिशोब केला. "बसतंय," ते म्हणाले. "आरामात बसतंय. आज काही देऊ नका. आम्हीच सवडीनं येऊन घेऊन जाऊ. गिऱ्हाईकाला हेलपाटा पडू द्यायचा नाही, हे आमच्या वडिलांपासूनचं धोरण."

टवकारराव उड्या मारत घरी आले. कापशी भांडायच्या तयारीतच बसली होती. पण डबी कशाला आणली ते ऐकलं, आणि तिचा राग कुठल्या कुठं गेला.

"माझ्या चावण्याचा आवाज? आवडतो तुम्हाला?"

"म्हणजे काय, आवडतोच."

"इतकी वर्षं संसार केला. एकदा तोंडानं बोलला नाहीत हो." तिनं पाठ फिरवून डोळे पुसले. मग उठली, ओढ्याकाठी जाऊन निवडून निवडून कोवळ्या काड्या आणल्या, मिशा साफ केल्या, आणि फोटोला बसावं तशी ताठ बसून डबीपुढं चावायला लागली. करम करम करम. मधेच तिला एक शिंक आली.

"अगंबाई! पुन्हा भरायचं का?"

"असू दे गं," टवकारराव म्हणाले. "शिंकही छान आलीय."

कोल्हेशेठही तेच म्हणाले. "शिंक राहू द्या. अस्सल वाटतं."

हेडफोन तयार झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टवकारराव तो घालून गवतात गेले. पाणवठ्यावरून मुद्दाम वळसा घालून गेले, सांबराला दिसावं म्हणून. सांबर हसलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच ते त्यांना 'रावसाहेब' म्हणालं.

ओढ्याकाठी कापशीनं विचारलं, "अहो, हे घालून ऐकू येतं ना नीट?"

टवकाररावांना तिचे ओठ हलताना दिसले. त्यांनी हसून मान हलवली. "तू खा, मी ऐकतो," ते म्हणाले, आणि नेहमीसारखी तिच्याकडं पाठ करून बसले.

काय सांगू तुम्हाला! पाचोळा नाही, माकडं नाहीत, लांडगे नाहीत. कानात फक्त कापशी. करम करम करम. काडी मोडल्याचं कळत होतं, रस सुटल्याचं कळत होतं. इतक्या जवळून त्यांनी तिला कधी ऐकलंच नव्हतं. टवकाररावांचे खांदे सैल पडले. मिशा खाली आल्या. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना छान, गाढ डुलकी लागली.

जाग आली तेव्हा दिवस मावळला होता. कानात करम करम चालूच होतं.

"भूक लागलीय वाटतं आज," टवकारराव स्वतःशीच म्हणाले. "खाऊ दे." तेवढ्यात कापशी शिंकली. 'ओल्यात बसली असेल,' त्यांना वाटलं. पुन्हा करम करम. पुन्हा शिंक. "अगं, सर्दी झाली की तुला! पुरे आता, घरी चल." करम करम करम. शिंक.

टवकारराव मागं वळले.

गवत होतं. अर्धी खाल्लेली काडी होती. सगळीकडं पाचोळा विस्कटलेला होता. कापशी नव्हती. कानात मात्र ती निवांत चावत होती.

रडत, धडपडत टवकारराव दुकानात आले. कोल्हेशेठ गादीवर रेलले होते आणि करवंदीच्या काट्यानं दात कोरत होते.

"या रावसाहेब. वसुली पोचली बरं का. पावती हवी का?"

"माझी कापशी..."

"आवाजात काही खोट?"

"नाही."

"पाचोळा वाजला?"

"नाही."

"मग तक्रार कशाची म्हणता?"

"मी ऐकतो म्हणालो होतो हो तिला!" टवकाररावांनी हंबरडा फोडला.

"मग ऐकतच तर होतात," कोल्हेशेठ म्हणाले.

टवकाररावांनी हेडफोन ओरबाडून काढला आणि त्यांच्या अंगावर फेकला. "हे घ्या तुमचं परत!"

कोल्हेशेठनी भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. विकलेला माल परत घेतला जात नाही. मग मऊ आवाजात म्हणाले, "तरी तुमच्यासाठी घेईन, तुम्ही घरचे. पण यात बाई आहेत. नक्की परत करताय?"

टवकाररावांनी गादीवरून हेडफोन उचलला, पुसला आणि पोटाशी धरला.

"जाता जाता तेवढा अभिप्राय द्या," कोल्हेशेठ म्हणाले. "खरं काय ते सांगा."

रडताना सशाला खोटं बोलता येत नाही. "आवाज अगदी खरा आहे," टवकारराव हुंदके देत म्हणाले. "फरक कळत नाही."

दुसऱ्या दिवशी ते वाक्य मोठ्या अक्षरांत दुकानावर लागलं. खाली नागोबांची सही होती. ओढ्यापर्यंत रांग लागली. सगळ्यांत पुढं सांबर होतं, बायकोला घेऊन.

आणि टवकारराव? ते करवंदीच्या जाळीखाली बसलेले असतात. खाणं असं फारसं होत नाही. खायचं म्हटलं तर ऐकायला कुणी नाही. म्हणून ते नुसते ऐकतात. करम करम करम. मग ती शिंक येते. ती आली की टवकारराव हळूच म्हणतात, "जपून गं."

तात्पर्य: हेडफोन घेण्याआधी गिऱ्हाईकाची आवड काय आणि ऐपत किती, या दोन्ही गोष्टींचा नीट विचार झाला पाहिजे. कोल्हेशेठनी केला होता.